चार हातांची गाठ

फार पूर्वीची ही गोष्ट. तेव्हा डोंगरांना नावे नव्हती आणि वानरांना माणसांशी बोलायचा संकोच नव्हता.

एका उंच पठारावर एक वाडी होती. तिथे माती चांगली होती, वारा चांगला होता, फक्त पाणी नव्हते. वाडीतल्या बाया खोल घळीत उतरून घागरी भरून आणत. वर कड्याच्या कुशीत एक झरा बारमाही वाहायचा, पण त्याचे पाणी पलीकडच्या दरीत पडून जायचे.

वाडीतल्या दोन भावांनी ते पाणी वळवायचे ठरवले. बांबू उभे चिरून त्यांनी पन्हाळी केल्या, बेचक्याच्या खांबांवर ठेवल्या आणि वाखाच्या दोरीने एकीला एक जोडत झऱ्यापासून वाडीपर्यंत आणल्या. पाणी आले. ते कुणाच्या मालकीचे नव्हते. ज्याला हवे त्याने भरावे, ज्याला जमेल त्याने हात लावावा, असे दोघा भावांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

पुढे एका थंडीत धाकटा भाऊ तापाने गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला दोरीचे वेटोळे खांद्यावर टाकून पन्हाळींकडे गेला.

तेव्हापासून त्याला बसवत नसे. वरचा जोड नीट करावा तर खालचा गळे. खालच्याकडे यावे तर मधला खांब कललेला असे. जेवताना त्याचा कान बाहेर असे. घराच्या वळचणीचे पाणी ठिबकले तरी तो घास टाकून उठे. गुडघेही आता कुरकुरू लागले होते. आपल्यामागे हे पाणी कोण आणणार, हा प्रश्न त्याच्या मागोमाग चढण चढत असे.

शेवटी त्याने वाडीला हाक दिली. माणसे आनंदाने आली. कुंभारीण आली, मेंढपाळ आला, सुतार आला. प्रत्येकाने घरून दोरी आणली. कुंभारणीच्या दोरीत तर लाल सूत वळलेले होते. थोरल्याने एकेकाला एकेका जोडावर बसवले, गाठ एकदा दाखवली आणि म्हणाला, "बांधा."

दिवसभर सगळ्यांनी बांधले. संध्याकाळी माणसे घरी गेली आणि थोरला पहिल्या जोडापाशी गेला. गाठ ढिली होती. त्याने ती सोडली, स्वतःच्या दोरीने पुन्हा बांधली आणि सोडलेल्या दोरीची नीट गुंडाळी करून खांबापाशी ठेवली. मग दुसरा जोड. मग तिसरा.

वरच्या झाडावर एक म्हातारा वानर बसला होता.

"सकाळी बांधून घेतोस, संध्याकाळी सोडतोस," वानर म्हणाला. "माणसं दमवायचा हा खेळ बरा आहे."

"गाठी ढिल्या होत्या."

"मग त्यांना सांगायचंस."

"वाईट वाटलं असतं त्यांना."

"आणि उद्या सकाळी बरं वाटेल?"

थोरला पुढच्या जोडाकडे वळला. सकाळी कुंभारणीने आपल्या लाल सुताच्या दोरीची गुंडाळी पाहिली, उचलली आणि घरी नेली. बाकीच्यांनीही तेच केले. थोरल्याने पुढे दोनदा हाक दिली. एकदा मेंढपाळ आला, नंतर तोही यायचा थांबला.

मग एक दिवस चढणीवर थोरल्याचा पाय मुरगळला. घोटा असा सुजला की अंगणापर्यंत जाववेना. त्यातच वरचा एक जोड सुटला आणि वाडीचे पाणी बंद झाले. बाया पुन्हा घागरी घेऊन घळीत उतरू लागल्या. जोड बांधायला मात्र कुणी गेले नाही. "आपण बांधायचा आणि त्यांनी सोडायचा," मेंढपाळ म्हणाला. "त्यापेक्षा घळ परवडली."

थोरला खाटेवर पडून कान देत होता. ठिबकण्याचाही आवाज येत नव्हता.

कुंभारीण दारात आली. "थोरले दादा, जोड मी बांधते. पण माझी गाठ सोडणार नाही, असा शब्द द्या."

"गळली तर?"

"गळली तर मला बोलवा."

त्याने शब्द दिला.

पाणी आले. पण त्याच्या धारेवरूनच थोरल्याला कळले, वर कुठेतरी गळते आहे. पायावर थोडे उभे राहता येऊ लागताच तो काठी टेकत वर गेला. लाल सुताच्या गाठीतून थेंब पडत होते. त्याचा हात आपोआप पुढे झाला.

"शब्द कुणी दिला होता रे?" वानराने झाडावरून विचारले.

थोरल्याने हात मागे घेतला. तो खाली वळून मोठ्याने हाक मारत राहिला. कुंभारीण चिखलाच्या हातांनी वर आली.

"ढिली आहे," तो म्हणाला.

"आहे. दिसतंय मलाही. तुमची कशी बसते ते परत दाखवा."

शेजारच्या जोडावर त्याने दोरी टाकली, एक टोक दातांत धरले, दुसरे हाताने ओढले. हिरडीतून रक्त आले. ते त्याने सवयीने पुसले.

"दातांत का धरता?"

"अशीच बांधतात."

"धाकटे दादा होते तेव्हाही?"

थोरला थांबला. पाणी वाहत होते. तो दोरीच्या त्या टोकाकडे पाहत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "हे टोक त्याच्या हातात असायचं."

"मग ही गाठ एकट्याची नाहीच, दादा. तुम्ही आम्हाला एकेकट्याला बसवलंत आणि आमचे हात ढिले ठरवलेत."

थोरल्याने ते टोक तिच्यापुढे धरले. "ओढ," तो म्हणाला. दोघांनी ओढले आणि गाठ बसली.

त्या दिवसापासून जोडावर माणसे जोडीने बसू लागली, एक जाणते आणि एक नवे. जिथे गळते तिथे पाहणाऱ्याने चिंधी बांधायची, म्हणजे इथे काम आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळे. आणि कुणाची गाठ त्याला बोलावल्याशिवाय कुणी सोडायची नाही. भांडणे झाली. उतार किती असावा यावरून सुतार आणि मेंढपाळ यांच्यात महिनाभर अबोला होता. चिंध्या कधी सगळ्या उतरल्या नाहीत. पण पाणी थांबले नाही.

काही वर्षांनी थोरला काठीच्या आधाराने सावकाश वर गेला. एका जोडावर पलीकडच्या डोंगरावरच्या दोन अनोळखी बाया काम करत होत्या. आपल्याकडेही पन्हाळ न्यायची म्हणून त्या शिकायला आल्या होत्या. जवळच एक जोड ठिबकत होता. थोरल्याचा हात पुढे झाला.

"अहो बाबा, हात नका लावू," त्यांतली एक म्हणाली. "ज्यांची गाठ आहे त्यांना बोलावलंय. इथली तशी रीत आहे."

वानर झाडावर खुदखुदला. थोरल्याने हात मागे घेतला आणि दगडावर बसला. थेंब पडतच होते. तो ऐकत होता, पण उठला नाही.

तात्पर्य : ज्या कामात दुसऱ्याच्या हाताला जागा नसते, ते काम कितीही चांगले असले तरी करणाऱ्याबरोबरच संपते.