लिव्हेन गुरुजी आणि मनोऱ्यावरची कबुतरी

बेल्जियम देशातील लिंडेकर्क या गावात लिव्हेन नावाचा एक फुटबॉलपटू राहत असे. ऐन उमेदीत तो आघाडीला खेळे. चेंडू त्याच्या पायाशी आला की समोरचा गोलरक्षक मनातल्या मनात देवाचे नाव घेई. पुढे वय झाले, गुडघे कुरकुरू लागले आणि लिव्हेन गावच्या संघाचा प्रशिक्षक झाला. खेळाडू त्याला आदराने 'गुरुजी' म्हणू लागले.

गुरुजींचे गुडघे थकले होते. गळा मात्र ठणठणीत होता. सामना सुरू झाला की ते मैदानाच्या कडेला उभे राहून गर्जना करीत, "डावीकडे वळ! थांब! आता मार! अरे, त्या पायाने नव्हे!" जणू ते अजूनही स्वतःच खेळत होते, फक्त दुसऱ्यांच्या पायांनी.

त्यामुळे खेळाडूंनी विचार करण्याचे काम गुरुजींवरच सोपवून टाकले. आघाडीवीर यानिक तर गोलाच्या तोंडाशी पोहोचला की थबके, मान वळवी आणि हुकमाची वाट पाही. तेवढ्यात प्रतिपक्षाचा कोणीतरी येऊन त्याच्या पायातला चेंडू अगदी सभ्यपणे घेऊन जाई.

हरता हरता संघ तळाला गेला. शेवटचा एक सामना उरला. तो जिंकला नाही, तर संघ खालच्या श्रेणीत जाणार आणि गुरुजी घरी जाणार, हे सारे गाव जाणून होते.

आदल्या दिवशी क्लबच्या अध्यक्ष गोडेलीव्हबाई यांनी गुरुजींना घरी बोलावले. बाई मोठ्या करारी. फुटबॉलइतकाच त्यांचा जीव शर्यतीच्या कबुतरांवर होता. त्या मुलखात ही शर्यत मोठ्या ईर्ष्येने चाले. कबुतरे दूर फ्रान्समध्ये नेऊन सोडत. जे आधी आपल्या ढाबळीत शिरेल, ते जिंके. नुसते घरापर्यंत येऊन भागत नसे.

"बसा," बाई अंगणातली खुर्ची दाखवत म्हणाल्या, "आणि कृपा करून गप्प बसा. माझी निळी येण्याची वेळ झाली आहे."

थोड्याच वेळात निळी कबुतरी आकाशात दिसली. ती झेपावत आली आणि ढाबळीच्या फळीवर उतरली. दार अगदी चोचीसमोर होते. निळीने मान वाकडी केली आणि ती क्षणभर थांबली.

गुरुजींच्या गळ्याशी हुकूम आला. त्यांनी तो गिळला. तो पुन्हा वर आला.

"आत घूस! डावीकडून! अगं, बघतेस काय?"

निळी दचकली, भुर्रकन उडाली आणि थेट चर्चच्या मनोऱ्यावर जाऊन बसली. तोच शेजारच्या अंगणातून विजयाचा जल्लोष ऐकू आला.

गुरुजींचा चेहरा पडला. "बाई, मी तिला केवळ वाट दाखवत होतो."

"फ्रान्सपासून इथवर ती कोणाला वाट विचारत आली?" बाई शांतपणे म्हणाल्या. "तिला सगळं ठाऊक होतं, गुरुजी. तुम्हीच तेवढे मध्ये आलात. उद्या माझ्या पोरांना तरी ढाबळीत शिरू द्या. नाहीतर परवापासून तुम्ही मोकळे."

दुसऱ्या दिवशी गुरुजी मैदानावर आले, ते तळलेल्या बटाट्याच्या फोडींचा भलामोठा पुडा घेऊनच. हुकूम गळ्याशी आला की ते मूठभर फोडी तोंडात कोंबत.

खेळाडू गोंधळले. "गुरुजींचा घसा बसला की काय?" एकाने विचारले.

"बसू दे बाबा, कानांना तेवढाच आराम!" दुसरा म्हणाला.

हुकूम येईना, तेव्हा खेळाडू आपापसात बोलू लागले. बोलता बोलता खेळूही लागले. सामना बरोबरीत चालला. अखेरच्या क्षणी चेंडू यानिकच्या पायाशी आला. समोर गोल होता. यानिक थबकला आणि त्याने सवयीने मान वळवली.

गुरुजी ताडकन उठले. 'डावीकडे मार!' हे शब्द अगदी ओठांवर आले. त्यांनी पुड्यातली शेवटची मूठ तोंडात कोंबली. गाल फुगले, डोळ्यांत पाणी तरळले.

यानिकने ते पाहिले, मान फिरवली आणि चेंडू उजवीकडे मारला.

गोल झाला! गुरुजींचा हुकूम नेहमी डावीकडचाच असतो, तेव्हा या संघाशी खेळताना तिकडेच झेप घ्यावी, हे प्रतिपक्षाचा गोलरक्षक केव्हाच शिकला होता. तो डावीकडे पालथा पडला होता.

"गुरुजी," यानिक धापा टाकत म्हणाला, "मी विचारणार होतो, पण तुमचं तोंड भरलेलं. म्हटलं, आता आपलं आपणच बघावं."

गुरुजींनी मोठ्या कष्टाने घास गिळला. शेजारी गोडेलीव्हबाई हसत उभ्या होत्या. त्यांना पाहून ते ओशाळून म्हणाले, "बाई, निळी परत आली का हो?"

"आली की," बाई म्हणाल्या. "काल तुमची पाठ वळली, त्याच क्षणी आत शिरली."

तात्पर्य: मनापासून शिकवावे, परंतु कसोटीच्या क्षणी शिष्यावर विश्वास ठेवून गप्प बसावे, कारण तेही शिकवण्याचाच एक भाग आहे.