साहेब कधी गेले?

"सून गुणाची आहे गं, पण तोंडानं मुकी! जरा बोलकी असती तर दुकानात तरी बसवली असती."

मामंजी सासूबाईंना सांगत होते. आमचं फ्लेक्सचं दुकान पुढे, घर मागे, मध्ये नुसता पडदा. मी कपबश्या विसळत राहिले.

मामंजी चिडले होते ते मात्र आमदार रंगराव मोहोळ्यांवर. सकाळीच साहेब येऊन गेले होते. "साठीनिमित्त माझा जीवनपट छापा! एकही प्रसंग गळता कामा नये, आणि चालत्या एसटीतून वाचता आला पाहिजे!"

"दोन्ही कसं जमेल, साहेब?" आमचे हे म्हणाले.

"नाही जमलं तर गाळा रिकामा करा!"

गाळा साहेबांचाच होता.

प्रसंग तरी कसले! साहेब बालवाडीत ससा झाले. साहेबांना कांजिण्या आल्या. साहेबांनी कोंबड्यांच्या प्रदर्शनाची फीत कापली. ओढ्यावरच्या पुलाचं भूमिपूजन. पुन्हा भूमिपूजन. आणखी एकदा भूमिपूजन.

"कांजिण्या गाळू या," हे म्हणाले.

"आणि गाळा गेला म्हणजे? उलट ठळक करा कांजिण्या!" मामंजी ओरडले.

शेवटी नमुन्याचा छोटा बोर्ड छापला. अक्षरं मोहरीएवढी! बापलेक कपाळाला हात लावून बसले. मी बोर्ड उचलला आणि गुपचूप दाराबाहेर टांगला. वर हात जोडलेले साहेब, खाली जन्मापासूनची अख्खी हकिगत.

हारवाले गेनूकाका सायकलवरून उतरले. टोपी काढली. "अरेरे! साहेब कधी गेले?"

चहावाल्यानं शटर निम्मं ओढलं. गर्दी जमली.

"दुष्काळात टँकर ह्याच माणसानं आणले हो!"

"मुलींचं वसतिगृहही त्यांचंच."

"पूल तेवढा राहिला बिचाऱ्यांचा!"

गेनूकाकांनी हार चढवला, तोच साहेबांची गाडी थांबली. काच खाली झाली. "कोण गेलं रे?"

"तुम्हीच की, साहेब!" गेनूकाका बोलून गेले, आणि मग किंचाळले.

"कुणाचा हा उद्योग?" साहेब गरजले. मामंजींनी यांच्याकडे पाहिलं, यांनी पंख्याकडे.

मी पडदा सारून बाहेर आले. "माझा. साहेब, माणसाचं सगळंच्या सगळं सांगून टाकलं की लोक टोप्या काढतात! पण हळहळताना ते काय बोलले, तेही मी ऐकलंय. टँकर आणि वसतिगृह. तेवढंच छापू. एसटीच काय, विमानातूनसुद्धा वाचता येईल!"

"आणि माझ्या कांजिण्या?"

"त्यांच्यासाठी कुणी रडलं नाही, साहेब."

साहेब पोट धरून असे हसले की गाडी हलायला लागली! मामंजींना म्हणाले, "गाळा तुमचाच! वर्षभराचे बोर्डही तुमचेच! पण सूनबाई, उरलेल्या जागेत काय छापणार? आणि तुला बक्षीस काय हवं?"

मामंजी आ वासून माझ्याकडे बघत होते. मी पदर सावरला.

"दोन्हीचं उत्तर एकच, साहेब. ती जागा पूल होईपर्यंत कोरी ठेवा. माझं माहेर ओढ्यापलीकडे आहे, आणि भूमिपूजनावरून चालत जाता येत नाही हो!"