रविवारचा ओंडका

“कुत्र्याला विष घातलं तर पाप लागतं का, बाबा?”

कासमबाबा मांडीवर सुतळी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“लागू दे लागलं तर,” जोतिराम स्वतःच म्हणाला. “मी घालणार हाय. तुम्हाला नुसतं सांगायला आलो.”

सुतळी वळायची थांबली नाही…

गावाबाहेर चिंचेखाली हा फकिराचा तकिया. वर चार पत्रे, खाली एक चटई, कडेला पाण्याचा रांजण. एवढ्याशा जागेत कासमबाबांचा सगळा संसार. गावातली माणसं तिथे येऊन बसायची, बोलायची, कधी बाबांच्या शिव्या खाऊन परत जायची. हो, शिव्या. बाबा काही गोडबोले नव्हते.

जोतिराम साबळे हा त्यांचा नऊ वर्षांपासूनचा चेला. एसटीचा रिटायर ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं घाटातून गाडी हाकली, पण माणूस तर सोडाच, एक शेरडूसुद्धा चाकाखाली आलं नाही. ओळख झाली की दुसऱ्याच वाक्याला तो हे सांगायचा. पहिल्या वाक्यात नाव सांगायचा.

दर गुरुवारी तो तकियात भाकरी घेऊन यायचा. बाबांच्या सांगण्यावरून त्यानं बिडी सोडली, शिवी सोडली. आपल्यासारखा चेला बाबांना दुसरा मिळाला नाही, अशी त्याची मनातून खात्री होती, आणि ती त्यानं मनात ठेवली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी त्याच्याकडून एक वचन घेतलं होतं. रागाच्या भरात काही करायचं झालं तर आधी तकियात येऊन सांगायचं. ते वचन पाळायला तो आज, रविवार असून, आला होता. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत मांसाचे तुकडे होते आणि त्यांना उंदराचं औषध चोळलेलं होतं.

“कुणाचं कुत्रं?” बाबांनी विचारलं.

मग मात्र जोतिरामचा बांध फुटला. कुत्रं शेजारच्या इंजाबाईचं. नाव भुऱ्या. इंजाबाई म्हातारी, नवरा जाऊन दहा वर्षं झाली, पोरगी लांब दिलेली, घरात ती आणि हे कुत्रं. म्हणून इतके दिवस तोंड दाबून गप्प बसलो, असं जोतिराम म्हणाला. गप्प कसला बसतोय! चार आळ्यांना ऐकू जाईल असा तो तिच्या दारात जाऊन भांडला होता.

आधी त्याची कवडी कोंबडी गेली. मग लाल पाटलीण गेली. आणि मागच्या आठवड्यात, अकरा अंड्यांवर बसलेली खुडूक. टोपल्यातनं ओढून नेली. अंडी पायाखाली फुटली. तीन-चार अंड्यांत पिल्लं भरली होती, चोचीसुद्धा दिसत होत्या. हे सांगताना त्या दांडग्या माणसाचा आवाज फाटला.

“एकवीस दिवसांतला अठरावा चालला होता, बाबा. तीन दिवस… तीन दिवस राहिलं होतं.”

बाबांनी सुतळी खाली ठेवली.

उपाय काय थोडे केले होते? घरामागच्या परड्याच्या भिंतीवर त्यानं काचा बसवल्या. बाभळीच्या फांद्या आणून टाकल्या. खुराड्याला नवी जाळी मारली. ग्रामपंचायतीत अर्ज दिला तर तिथले लोक हसले आणि चहा पाजून परत पाठवलं. इंजाबाईला सांगून कुत्रं बांधायला लावलं, ते दोरी कुरतडून मोकळं झालं. आणि ती म्हातारी काय म्हणाली असेल? म्हणाली, माझा भुऱ्या असा नव्हता, तुमच्या परड्यानंच त्याला नादाला लावला. चोर तर चोर वर शिरजोर! तळपायाची आग मस्तकात गेली होती जोतिरामच्या.

“आणि हे सगळं श्रावणात,” तो म्हणाला. “मी महिनाभर अंड्याला हात लावला न्हाई. सोमवार धरलेत. तोंडातनं वाईट शब्द काढला न्हाई. माझं व्रत असं, आणि माझ्याच परड्यात असा सत्यानाश.”

“कोणत्या वारी गेल्या कोंबड्या?” बाबांनी विचारलं.

जोतिरामला हा प्रश्न बिनकामाचा वाटला. तरी त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. कवडी, रविवारी. पाटलीण, रविवारी. खुडूक, रविवारीच. श्रावणात रविवारी तो भाजीला बाजारात जातो, हे त्या चोराला बरोबर कळतं. तो पाठमोरा झाला की हा हजर. लबाड जात.

“आज रविवार,” बाबा म्हणाले.

“म्हणून तर आज आणलंय.” जोतिरामनं पिशवी दाखवली. मांस त्याच खुडुकीचं होतं, कुत्र्यानं अर्धं टाकलेलं, त्यानं मीठ लावून ठेवलेलं. जिचा जीव घेतला तिच्याच मांसानं जाऊ दे त्याचा जीव. असं त्यानं मनाशी ठरवलं होतं आणि त्यात त्याला मोठा न्याय वाटत होता.

बाबा उठले. गुडघ्यावर हात देऊन, कण्हत उठले.

“चल,” ते म्हणाले. “परडं दाखव.”

बाबा तकिया सोडून गावात आले, ही गोष्ट लहान नव्हती. लोक दारात येऊन उभे राहिले. जोतिराम पुढे, बाबा मागे. जोतिरामची मान ताठ झाली. बघा म्हणावं, खुद्द बाबा माझ्या बाजूनं आलेत. पिशवी त्यानं सदऱ्याआड धरली होती.

घरी त्याची बायको शेवंता दारातच भेटली. बाबांना बघून तिनं पदर सावरला आणि पाणी आणायला वळली. बाबा म्हणाले, पाणी नंतर, आधी परडं.

परडं तसं लांबरुंद होतं. एका कडेला खुराडं, मधे शेवग्याचं झाड, पंधरा-वीस कोंबड्या माती उकरत होत्या. जोतिरामनं सगळं फिरून दाखवलं. ह्या काचा. हे काटे. ही जाळी. आणि हे टोपलं. टोपलं त्यानं तसंच ठेवलं होतं, फुटलेल्या टरफलांसकट. मुडदा बशिवला त्या भुऱ्याचा, असं काहीतरी तो पुटपुटला. शिवी सोडून नऊ वर्षं झाली होती.

बाबा भिंतीच्या कडेनं चालत गेले आणि एका जागी थांबले.

तिथे भिंत बुटकी होती. तिच्यावर काच नव्हती, काटा नव्हता. खाली बाभळीचा एक जुना ओंडका होता, मधोमध घाव पडून पडून खोलगट झालेला.

“इथं काचा का नाहीत?”

“इथनं हात पलीकडं काढावा लागतो.”

“कशाला?”

जोतिराम बोलायला गेला आणि अडखळला. “टाकायला,” तो म्हणाला. “कोंबडं कापलं की… घाण टाकायला. श्रावण नसताना.”

बाबांनी भिंतीवरून वाकून पलीकडे बघितलं.

“ते जाऊ दे,” जोतिराम चिडून म्हणाला. “कुत्र्याचं बोला.”

“कुठं आहे कुत्रं?”

“ते कशाला दिसतंय? माझं तोंड बघितलं की शेपूट घालून पळतंय. महिना झाला दांडकं घेऊन बसतो. चोर कुठं बोलावून येतो व्हय?”

बाबा ओंडक्यापाशी खाली बसले. शेवंता दारात उभी होती, तिच्याकडे बघून ते म्हणाले, “पोरी, सत्तूर आण.”

शेवंतानं नवऱ्याकडे बघितलं. साबळ्यांच्या घरात आखाडातला शेवटचा रविवार झाला की सत्तूर धुऊन, तेल लावून, फडक्यात बांधून माळ्यावर जायचा. श्रावण संपेपर्यंत त्याला कुणी शिवायचं नाही. जोतिरामचा बाप तसंच करायचा आणि त्याचा बापही. बाबांना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

“बाबा, श्रावण हाय,” जोतिराम म्हणाला.

“आण,” बाबा शेवंतालाच म्हणाले.

तिनं शिडी लावली आणि सत्तूर आणला. बाबांनी फडकं सोडलं. जोतिरामच्या तोंडावर राग स्पष्ट दिसत होता, पण गुरूला अडवायचं कसं? तो दात आवळून उभा राहिला. म्हाताऱ्याला चळ लागला काय, असंही त्याच्या मनात आलं.

बाबांनी सत्तूर उचलला आणि मोकळ्या ओंडक्यावर मारला.

ठक.

ठक.

ठक…

चौथा घाव पडायच्या आत बुटक्या भिंतीवर दोन पंजे दिसले. भुऱ्या उडी मारून आत आला.

कोंबड्या कलकलाट करत चहूकडे उधळल्या. एक तर त्याच्या नाकासमोरून गेली. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओंडक्यापासून तीन हातांवर मातीत एक गुळगुळीत खळगा झाला होता, कुणीतरी रोजचं बसून व्हावा तसा. भुऱ्या सरळ त्या खळग्यात जाऊन बसला. पुढचे पाय जुळवले, कान उभे केले.

त्याच्या मागून लोहाराची पांढरी कुत्री आली आणि त्याच्या शेजारी बसली.

सत्तूर बाबांच्या हातात होता, पण भुऱ्या बाबांकडे बघत नव्हता. तो जोतिरामकडे बघत होता. शेपटी जमिनीवर पटापटा आपटत होती.



जोतिरामला सगळं आठवलं. एक वर्ष नव्हे, चांगली पाच वर्षं. दर रविवारी सकाळी कोंबडं कापायचं, आणि मुंडी, पाय, आतडी भिंतीवरून पलीकडे भिरकावायची. शेवंता म्हणायची, खड्डा काढा, पुरा. तो म्हणायचा, कोण खणत बसतंय, टाकलं की संपलं. मग कुत्री भिंतीपाशी यायला लागली. मग भिंतीच्या आत यायला लागली. मग तोच एकेक तुकडा वर धरायचा, आणि भुऱ्या हवेत उडी मारून तो झेलायचा, आणि जोतिराम पोट धरून हसायचा. आलेल्या पाहुण्यांनाही दाखवायचा. बघा म्हणायचा, सर्कशीत घालतील याला. आधीच्या श्रावणांत एखाददुसरी कोंबडी जायची, ती तो मुंगसाच्या नावावर खपवायचा. ते सगळं तो विसरून गेला होता. विसरणं माणसाला किती सोयीचं पडतं!

ठकठक ऐकून इंजाबाईही भिंतीपाशी आली. दोघांत बोलणं बंद होतं. तरी ती बोलली, कारण कुत्रं परड्यात होतं आणि जोतिराम समोर उभा होता.

“भावजी, मारू नका. मी साखळी आणते,” ती म्हणाली. “दर रविवारी भिंतीला नाक लावून बसतंय ओ ते, दुपारपतूर. मुक्या जनावराला श्रावण कोण सांगणार?”



बाबांनी सत्तूर पुसला, फडक्यात गुंडाळला आणि शेवंताच्या हातात दिला. मग ते भुऱ्याकडे बघत राहिले. जुळवलेल्या पायांकडे, उभ्या कानांकडे.

“नऊ वर्षं गुरुवारी माझ्यापुढं बसतोस, जोती,” ते म्हणाले. “इतकं नीट तू एकदाही बसला नाहीस.”

हे मात्र जोतिरामला झोंबलं. असं झोंबलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याला इंजाबाईचा राग आला. खड्डा काढा म्हणणाऱ्या बायकोचा आला, आणि ती आता एक शब्दही बोलत नव्हती याचा जास्त आला. भर श्रावणात सत्तूर वाजवून चार माणसांत आपली शोभा करणाऱ्या गुरूचा आला. आणि ह्या सगळ्यांच्या खाली आणखी एक राग होता, त्याच्याकडे तर त्याला बघवत नव्हतं. कोंबड्या माझ्या मेल्या, पिल्लं माझी मेली, आणि गुन्हेगार मीच? तीन दिवस राहिले होते. तीनच दिवस. त्याचं काय?

त्यानं सदऱ्याआडची पिशवी काढली. गाठ सुटेना तशी दातांनी फाडली. एक तुकडा हातात घेतला.

“आवं,” शेवंता म्हणाली. तुकड्यात काय आहे ते तिला ठाऊक होतं.

इंजाबाईला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, भावजींचा राग निवळला. तिच्या सुरकुतल्या तोंडावर हसू आलं.

जोतिरामनं हात वर केला.

तो हात वर गेला आणि भुऱ्या उठून उभा राहिला. पुढचे दोन्ही पाय उचलून, मागच्या पायांवर तोल धरून, तोंड उघडून. पाच वर्षं हा हात वर गेला की त्यानं असंच केलं होतं, आणि पाच वर्षांत त्या हातानं त्याला एकदाही फसवलं नव्हतं.

तो डोळे मिचकावत नव्हता. शेपटी तेवढी हलत होती.

हात वर गेला तो वरच राहिला. औषधाचं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळलं. जोतिरामच्या कपाळाची शीर तटतटून उभी होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यानं बाबांकडे बघितलं. थांब म्हणतील, हात धरतील, काहीतरी सांगतील म्हणून बघितलं.

बाबा जागचे हलले नाहीत…

“टाक की, जोती,” ते म्हणाले. “वाट बघतोय तो.”