न कापलेली पाने

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका जुन्या ग्रंथालयात एकदा एक भारतीय विद्यार्थी अभ्यास करत होता. त्या देशाच्या आरंभकाळावर तो प्रबंध लिहीत होता. स्वातंत्र्यापूर्वी एका विद्वान धर्मोपदेशकाने लिहिलेल्या ग्रंथाने साऱ्या वसाहती जाग्या केल्या, हा त्याचा सिद्धांत. त्यासाठी त्याने दोन वर्षे दिली होती. ग्रंथ त्याने नव्या आवृत्तीत वाचला होता. आता मूळ छापील प्रत पाहून शेवटचे प्रकरण संपवायचे आणि वसंतात घरी परतायचे, एवढेच उरले होते. त्या हिवाळ्यात दिवसचे दिवस त्याचे कोणाशी बोलणे होत नसे.

दुर्मीळ ग्रंथांचे दालन एका वृद्ध ग्रंथपालाकडे होते. विद्यार्थ्याने मागणीची चिठ्ठी दिली. वृद्धाने ती वाचली, त्याच्याकडे निरखून पाहिले आणि आतून भलतेच काही आणून ठेवले. ते त्याच काळातल्या एका अमेरिकन शेतकऱ्याचे छापील पंचांग होते. धुराने काळवंडलेले, अर्धे फाटलेले, कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवलेले.

"सर, हे मी मागितलं नव्हतं."

"ठाऊक आहे. वाच."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी विद्यार्थी चिडला. "सर, प्रबंध द्यायला सहा दिवस राहिलेत. मागितलेलं पुस्तक न देण्याचा तुम्हाला पगार मिळतो का?"

"मिळतो की," म्हातारा हसला, "पण फार थोडा."

नाइलाजाने त्याने पंचांग उघडले. भरती-ओहोटीच्या वेळा, पेरणीचे दिवस, आणि समासात शाईने खरडलेल्या ओळी. गाय व्याली. बर्फ. मार्था गेली. बर्फ. कोणी आले नाही. पान उलटले, तर पुन्हा तेच: कोणी आले नाही. त्या ओळीपाशी विद्यार्थी बराच वेळ थांबला.

चौथ्या दिवशी ग्रंथ आला. मूळ पुठ्ठ्यातला, कागद स्वच्छ, एक डाग नाही.

"बघा सर, लोकांनी किती जपलाय!" असे म्हणत तो पान उलटायला गेला, पण ते उलटेना. वरच्या कडेला दोन पाने एकमेकांना जोडलेली होती. त्यापुढची दोनही. सगळा ग्रंथ तसाच.

"बांधणी चुकली का?"

"नाही. तेव्हा मोठा कागद छापून त्याची घडी घालत आणि तशीच शिवत. वाचणारा चाकूने घडी कापत पुढे जाई. ही कोणी कापलीच नाही. आणखी तीन प्रती मी पाहिल्यात. त्याही अशाच."

"चार प्रतींवरून काय सिद्ध होतं?"

"फारसं नाही. पण तू तर एकही प्रत न पाहता सिद्ध केलं होतंस."

वृद्ध समोरच्या खुर्चीवर बसला. "हा ग्रंथ आधी दिला असता, तर 'जपला' असं लिहून तू निघून गेला असतास. ते पंचांग चुलीजवळच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. पिठाच्या हातांनी उघडलं जायचं. घर रिकामं झाल्यावर एक माणूस त्याच्याशीच बोलला. अशी हजारो छापली आणि बहुतेक वापरून संपली. हाताळलं जातं ते झिजतं. कोणी उघडत नाही ते कोरं राहतं, आणि मागाहून येणारे आपण त्यालाच इतिहास समजतो. या ग्रंथाला अडीचशे वर्षांत आग लागली नाही, ओल लागली नाही. माणसाचा हातही लागला नाही."

विद्यार्थ्याने हळूच विचारले, "मी हे लिहिलंच नाही, तर कोणाला कळेल?"

"कोणालाच नाही. तुझे परीक्षक इथवर येत नाहीत."

"आणि लिहिलं तर?"

"तर आणखी एक हिवाळा इथे."

विद्यार्थ्याने ग्रंथ मिटून परत केला. त्याच संध्याकाळी त्याने प्राध्यापकांना कळवले की आपला सिद्धांत टिकत नाही, एक वर्ष वाढवून मिळावे. मग आईला कळवले की यंदा येणे होत नाही. ते लिहायला त्याला जास्त वेळ लागला. सकाळी तो पुन्हा दालनात आला आणि एका कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने त्या अनाम शेतकऱ्याचा पहिला दिवस उतरवून घेतला.

आपल्या गावच्या वाचनालयात कोणी काचेआडचे करकरीत ग्रंथ अभिमानाने दाखवले, तर ते पाहावेत, आणि मग फाटकी पुस्तके कुठे ठेवली आहेत, तेही विचारावे.