कोंडाईचं पालथं मडकं

फार वर्षांमागची गोष्ट. घाटाला अजून रस्ता नव्हता आणि डोंगरापलीकडे जग आहे हे पायरवाडीच्या लोकांना ऐकूनच ठाऊक होतं, तेव्हाची. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, गवळी धनगरांची सात घरं होती. त्यांतल्या शेवटच्या घरात कोंडाई राहायची. तिच्याकडे एक पांढरी म्हैस होती. म्हैस कधी पांढरी असते का, असं विचारू नका. ती धुक्यात जन्मली आणि धुकं तिच्या अंगावरून गेलंच नाही, असं म्हणतात.

रोज सकाळी कोंडाई डोक्यावर तीन मडक्यांची उतरंड घेऊन खिंडीतून खाली गावात यायची. एकात दूध, एकात दही, एकात ताक, आणि कमरेला तुपाची लहानशी बुधली. पण मागेल त्याला मागेल ते ती देत नसे. पौषातल्या थंडीत दह्याचा घट्ट गोळा न मागता वाढायची. चैत्र लागला की दही मागणाऱ्याला ताक देऊन वाटेला लावायची. वैशाखात तिचं ताक इतकं पातळ असायचं की त्यात आभाळ दिसायचं. एका उन्हाळ्यात विहिरी आटल्या, तेव्हा तिने एका मडक्यातून सगळ्या गावाला ताक पाजलं, आणि शेवटचा माणूस पिऊन उठला तरी मडकं अर्धं भरलेलंच होतं, असं म्हणतात. श्रावणात त्याच ताकात हिंग आणि भाजलेलं जिरं यायचं. कुणी कारण विचारलं तर ती म्हणायची, "ऋतू बघा," आणि पुढच्या दाराशी जायची. बाई मायाळू होती, पण शब्दांच्या बाबतीत भारी चिक्कू. तिच्यात दोष काढायचाच तर मी एवढाच काढीन.

गावातल्या प्रत्येक घरी दही लागायचं ते कोंडाईच्याच विरजणाने. चमचाभर विरजण कोमट दुधात घातलं की सकाळी मडकं भरून दही. दिवेलागणीनंतर मात्र ती विरजण कुणाला देत नसे आणि देऊही देत नसे. आणि पिठोरीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद लागला की, ती दारोदार फिरून सगळ्यांचं उरलेलं विरजण परत मागून घ्यायची. ते वर नेऊन झऱ्याच्या गार पाण्यात ठेवायची आणि आपलं दह्याचं मडकं खिंडीतल्या धोंड्यावर पालथं घालायची. मडकं पालथं आहे तोवर गावात दही नाही. ते दोन महिने दुधातुपाचे. घरोघरच्या रव्या खुंटीला टांगलेल्या असायच्या. दिवाळीच्या पाडव्याला कोंडाई मडकं सुलटं करायची, आणि बायका विरजण घ्यायला वाट्या घेऊन खिंडीत जायच्या.

एका वर्षी गावच्या खोतांची लेक मथुरा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पोर लाडाची. तिला डोहाळे लागले ते नेमके दह्याचे, आणि तेही भाद्रपदात. भात नको, गोड नको, दूध तर बघवेना. खोतीणबाईंनी कोंडाईला ओसरीवर बसवून विनवलं, पहिलटकरणीची इच्छा मोडू नये म्हणून सांगितलं. कोंडाईने मथुरेकडे पाहिलं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण म्हणाली, "नाय. ऋतू नाय," आणि उठून गेली.

खोतीणबाईंना ते फार लागलं. शिवाय त्यांनी एक गोष्ट केली होती. कोंडाई विरजण मागायला आली, तेव्हा चमचाभर विरजण करवंटीत लपवून ठेवलं होतं, न जाणो लेकीला लागलं तर म्हणून. आईच ती. गौरी जेवल्या त्या दिवशी त्यांनी ते विरजण काढलं आणि दही लावलं. मथुरेने ते संध्याकाळी पोटभर खाल्लं, दुसऱ्या दिवशीही खाल्लं. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. छाती घरघरू लागली, श्वास पुरेना, आणि पोटातलं मूल हलेनासं झालं.

त्याच वेळी वर सड्यावर झऱ्यातलं मडकं फसफसू लागलं. सगळ्या गावाचं विरजण एकाच मडक्यातलं, तेव्हा खाली एक चमचा जागा झाला की वरचं सगळं जागं होतं, असं म्हणतात. कोंडाईने मडक्याला कान लावला आणि तशीच अनवाणी निघाली. पुढे पांढरी म्हैस, मागे ती. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की गावकऱ्यांना दोघी आल्या ते दिसलंच नाही, नुसती म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

घरात येऊन तिने कुणाला काही विचारलं नाही. मथुरेच्या पोटाला कान लावला, मडक्याला लावायची तसाच.

"हाय," ती हळूच म्हणाली. "जागं हाय."

खोतीणबाई तिच्या पायांशी बसल्या आणि करवंटीचं सगळं सांगून ढसाढसा रडल्या. कोंडाईने त्यांना हाताला धरून उठवलं.

"चूक तुमची नाय, खोतीणबाय. मी नको म्हटलं, पण का नको ते कंदी सांगितलं नाय. का ते कळलं नाय, तर माणूस ऐकंल कशाला?"

पाच दिवस ती मथुरेच्या उशाशी बसली. सुंठ-हळद घालून उकळलेलं म्हशीचं दूध घोट घोट पाजायची, छातीला कोमट तूप चोळायची. आणि बोलायची. आयुष्यभर न बोललेलं सगळं तिने त्या पाच दिवसांत बोलून घेतलं. दही जिभेला गार लागतं, पण पोटात गेलं की ऊब धरतं, म्हणून ते थंडीचं. पावसात भिजून निवलेल्या अंगाला भाद्रपदाचं ऊन एकदम चटका देतं, तेव्हा दही रक्त तापवतं आणि छातीत चिकटून बसतं. त्या दिवसांत दुधातुपाने अंग शांत करावं. रात्री दही जड, म्हणून दिवेलागणीनंतर विरजण नाही. मथुरा अर्धवट झोपेत ऐकायची आणि मधेच विचारायची, का गं? कोंडाई सांगायची. पुन्हा विचारलं की पुन्हा सांगायची. तिला त्या प्रश्नाचा लळाच लागला होता.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला मथुरेला मुलगी झाली, चांगली ठणठणीत. कोंडाईने तिच्या जिभेवर तुपाचं बोट टेकवलं आणि म्हैस घेऊन धुक्यात शिरली.

त्यानंतर ती कुणाला दिसली नाही.

कोजागरी गेली, दिवाळी आली. पाडव्याला बायका वाट्या घेऊन खिंडीत गेल्या. धोंड्यावर मडकं पालथंच होतं. दुपारपर्यंत त्या थांबल्या. वर जाऊन पाहिलं तर शेवटचं घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. झऱ्यात मडकंही नव्हतं. सगळ्या गावाचं विरजण कोंडाईबरोबर गेलं होतं. आता पायरवाडीत पुन्हा दही लागायचं नाही, हे सगळ्यांना कळलं. मडक्याला मात्र कुणी हात लावला नाही. पालथं म्हणजे नाही, हे इतकं अंगात मुरलं होतं.

मथुरेला सव्वा महिना होऊन गेला होता. ती लेकीला पदराखाली घेऊन खिंड चढून आली. धोंड्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत तिने मोठ्याने विचारलं, "का गं, कोंडाई?"

मग तिने एका हाताने मडकं सुलटं केलं.

मडकं काठोकाठ दह्याने भरलेलं होतं. पांढरंशुभ्र आणि इतकं घट्ट, की पालथं असूनही त्यातला थेंब खाली आला नव्हता. आश्विनातलं सगळं चांदणं त्यात लागलं होतं, असं म्हणतात. मथुरा रडत रडत सगळ्यांच्या वाट्या भरत होती.

आता पायरवाडीत घरोघरी फ्रीज आहेत. नाक्यावरच्या दुकानात बारा महिने पाकिटातलं दही मिळतं, आणि भाद्रपदात ते कोण आणतं हे गावाला बरोबर ठाऊक असतं. मी नावं घेत नाही. पण पिठोरीच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातलं विरजण अजून एका मडक्यात गोळा होतं आणि झऱ्यावर जातं. खिंडीतल्या धोंड्यावर एक रिकामं मडकं पालथं घालतात. मडकं कलतं केलं तरी दह्याची घट्ट कवडी हलली नाही की इथल्या बायका अजून म्हणतात, कोंडाई येऊन गेली.

पाडव्याला माहेरी आलेल्या गरोदर लेकीला पुढे करतात. मडकं तिनेच सुलटं करायचं, झऱ्यावरून आणलेल्या विरजणाचा पहिला चमचा तिचाच. पण त्याआधी तिने विचारायचं, "दोन महिने का नाही दिलंस गं, कोंडाई?" आणि जमलेल्या सगळ्या बायकांनी उत्तर द्यायचं, थंडीचं, उन्हाचं, छातीचं, सगळं. एखादीला ते पटत नाही. ती पुन्हा विचारते. मग तिला पुन्हा पहिल्यापासून सांगतात, आणि तिचं समाधान होईपर्यंत कुणी मडक्याला हात लावत नाही.