ओगराळ्याची जागा

एकदा एक वृद्ध नेत्रतज्ज्ञ आपल्या शिष्यासह डोंगराळ भागातल्या एका गावी नेत्रशिबिरासाठी गेले. तपासणीला पुरुष पुष्कळ आले, वृद्ध स्त्रिया मात्र फार थोड्या. म्हणून शेवटच्या दिवशी ते स्वतःच घरोघर निघाले. दुपारी गाडी रुग्णांना घेऊन शहरातल्या रुग्णालयाकडे जाणार होती. पुन्हा यायची ती पावसाळा सरल्यावर.

एका घरी म्हातारी चुलीपुढे भाकरी थापत होती. वृद्ध डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत विजेरीचा प्रकाश टाकला. डावा डोळा कायमचा गेला होता. उजव्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला होता. आणखी थांबले, तर आतला दाब वाढून तोही जाणार आणि मग शस्त्रक्रियेचाही उपयोग होणार नव्हता.

"यांना आजच न्यायला हवं," ते तिच्या मुलाला, महादूला म्हणाले.

"काय थट्टा करता, डॉक्टर! माझ्यापेक्षा तिलाच जास्त दिसतं. एक भाकरी करपत नाही तिची. डोळ्यात पांढरं आलंय थोडं, ते वयाचं."

"आणि मी गेल्यावर चूल कोण बघणार?" म्हातारी म्हणाली. "आमच्या सूनबाईंच्या भाकरीला कोपरे असतात."

"असू द्या कोपरे," सून दारातून म्हणाली. "खाता ना गुमान!"

वृद्धांनी पाणी मागितले. म्हातारी उठली, सरळ रांजणापाशी गेली, खुंटीवरचे लांब दांड्याचे ओगराळे काढून तिने तांब्या भरला, ओगराळे परत अडकवले आणि थेंबही न सांडता तांब्या आणून दिला. शिष्य चकित झाला. महादूच्या चेहऱ्यावर 'बघा!' असे स्पष्ट उमटले.

पाणी पिऊन वृद्ध तांब्या ठेवायला स्वतः उठले. रांजणापाशी जाऊन त्यांनी ओगराळे खुंटीवरून काढले आणि शेजारच्या पाटावर ठेवले. मग म्हणाले, "आजी, अजून थोडं द्याल?"

म्हातारीचा हात खुंटीवर गेला. खुंटी रिकामी होती. हात भिंतीवरून फिरला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"अगं, ते काय समोर, पाटावर!" महादू हसत म्हणाला.

म्हातारीने तोंड वळवले ते त्याच्या आवाजाकडे; पाटाकडे नाही. त्याचे हसू तिथेच थांबले.

"आई, तुला हेसुद्धा दिसत नाही?"

"सांगून काय केलं असतंस? कोपऱ्यात बसवलं असतंस. हाताला काम आहे तोवर माणूस माणसांत असतं, बाबा."

महादूने तिच्या वहाणा आणून तिच्या पायांशी ठेवल्या.

बाहेर पडल्यावर शिष्य म्हणाला, "सर, हे कठोर झालं. परक्यांसमोर आपण तिला उघडं पाडलं."

"झालं खरं. दुसरा मार्ग असेलही, मला सुचला नाही. पण मी परीक्षा तिची घेत नव्हतो, घराची घेत होतो. दृष्टी एका दिवसात गेली असती, तर ही माणसं रडत आपल्याकडे धावली असती. ती कणाकणाने गेली आणि घराने ती उणीव कणाकणाने भरून काढली. सून ओगराळं रोज त्याच खुंटीला अडकवत असणार, पाट वाटेतून सरकवत असणार. का, ते तिलाही सांगता येणार नाही. या मायेनेच अंधत्व झाकून ठेवलं. आपल्यापाशी शस्त्रक्रिया आहे. पण घर ज्याला आजार म्हणतच नाही, त्यावर इलाज कसा करायचा?"

शिष्याचे पूर्ण समाधान झाले नाही. वृद्धांचेही झालेले दिसत नव्हते.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी शिष्याने म्हातारीची पट्टी सोडली. महादू समोर उभा होता. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"म्हादू, दाढी पांढरी झाली की रे तुझी!"

"कधीचीच, आई," तो म्हणाला.

शिष्याने वृद्धांकडे पाहिले.

म्हाताऱ्या माणसाच्या बिनचूकपणाचे कौतुक करण्यापूर्वी आपण एकदा त्याच्या डोळ्यांत नीट पाहून घ्यावे, एवढेच.