चार अंशांचा तक्ता

एका तालुक्याच्या गावी सरकारी औषधभांडार होते. ते सांभाळणारा भिकाजी सोनटक्के नावाचा कारकून होता. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत. लहान मुलांच्या लशींचा फ्रीज त्याच्या ताब्यात असे. फ्रीजमधला थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ बघायचा आणि आकडा दारावरच्या तक्त्यात लिहायचा, असा नियम होता. पारा दोनच्या खाली जायला नको, आठच्या वर जायला नको.

भिकाजी माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त नीटनेटकेपणाचे वेड होते. थर्मामीटर बहुतेक वेळा चारच दाखवतो, हे त्याने पहिल्याच वर्षी हेरले. मग रोज वेगवेगळ्या शाईने तक्ता कशाला खराब करायचा? महिना संपायच्या आत तो पुढच्या महिन्याचा तक्ता एका बैठकीत भरून टाकी. सगळीकडे चार. मधूनच एखादा पाच, तोही खरे वाटावे म्हणून. तपासणीला येणारे साहेब तक्ता बघून खूश होत. फ्रीज उघडण्याची तसदी कोणी घेत नसे. एकाने तर प्रशस्तिपत्र दिले. ते फ्रीजच्या वरच टांगलेले होते.

वैशाखातल्या एका शनिवारी तो असाच तक्ता भरायला बसला. उकाडा भयंकर होता. घामाचा थेंब एखाद्या चारवर पडायचा, या काळजीने त्याने टेबलफॅन आणला. खोलीत प्लगची जागा एकच. तेवढ्यापुरता त्याने फ्रीजचा प्लग काढला आणि पंख्याचा लावला. तक्ता सुरेख झाला. तो दारावर चिकटवून, कुलूप घालून भिकाजी समाधानाने घरी गेला.

सोमवारी, एक तारखेला, त्याने कुलूप उघडले. पंखा दोन दिवस रिकाम्या खुर्चीला इमानाने वारा घालत होता. तक्त्यावर चार होते. थर्मामीटरवर एकतीस.

त्याने घाईघाईने प्लग बदलला. तेवढ्यात गंगूबाई सिस्टर बर्फाचा डबा घेऊन आल्या. त्यांना बोरवस्तीला जायचे होते. भिकाजीने बाटल्या काढल्या. त्या दिसायला अगदी तशाच होत्या. बिघडल्या असतील, नसतीलही. नुसते बघून कळणार कोणाला?

सिस्टरांनी तक्त्याकडे नजर टाकली आणि बाटल्या डब्यात ठेवल्या. बोरवस्तीला गेल्या साली डांग्या खोकल्याने दोन तान्ही मुले गेली होती. आज अकरा बाया सकाळपासून येऊन बसल्या आहेत, असे त्यांनी सांगितले. मग झाकण लावता लावता म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमचा तक्ता बघितला की मला थर्मामीटर बघावाच लागत नाही.”

भिकाजीने डब्यावर हात ठेवला.

“सिस्टर, तेवढा बघा,” तो म्हणाला. “तक्ता मी शनिवारीच भरलाय.”

मग त्याने पंख्यासकट सगळे सांगितले. सिस्टरांनी फ्रीज उघडून थर्मामीटर बघितला. मग एवढेच विचारले, “त्या बायांना मी काय सांगू?”

“मी येतो. मीच सांगतो.”

त्याने लशी वेगळ्या काढल्या, त्यांवर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावली, जिल्ह्याला कळवले आणि सिस्टरांबरोबर निघाला. बाभळीखाली बसलेल्या बायांना त्याने आपली चूक सांगितली. गुरुवारी नवी लस येईल, म्हणाला. एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन ऐकत होती.

“सायेब, खरं सांगाया उन्हाचं एवढ्या लांब आलात,” ती म्हणाली. “आता गुरुवारी अवषद बी तुमीच घिऊन या.”

गुरुवारी तो घेऊन गेला.

भिकाजीला ठपका मिळाला. प्रशस्तिपत्र त्याने स्वतःच काढून ठेवले. तक्ता आता रोज भरला जातो. त्यात तीन असतात, सहा असतात, खाडाखोड असते, एका चौकोनावर घामाचा डागही आहे. पुढच्या तपासणीला साहेब नाराज झाले. तक्त्यात पूर्वीचा सारखेपणा राहिला नाही, म्हणाले.

भिकाजीने ते मान्य केले आणि त्यांना फ्रीज उघडून दाखवला.

तात्पर्य: औषध जपायचे असते ते घेणाऱ्याच्या जिवासाठी, कागदाच्या शोभेसाठी नव्हे. आणि चूक झालीच, तर औषध पोहोचण्याआधी ती कबूल करावी.